रिते वेधासन : टोल्किनच्या कादंबरीतील दृष्टी आणि अधिकार

जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या कादंबरीतील भग्नावशेष सामान्यतः गतवैभवाची शोकचिन्हे म्हणून वाचले जातात. अमोन सूल व अमोन हेन या डोंगरमाथ्यांवरील ओसाड वेधस्थानांच्या संदर्भात हे वाचन अपुरे ठरते. ही स्थाने ग्रहताऱ्यांच्या वेधासाठी नव्हेत, तर दूरचे प्रदेश न्याहाळण्यासाठी होती. त्यांच्या ओसाडपणातून पाहण्याच्या अधिकाराचा प्रश्न उभा राहतो.

अमोन सूलच्या मनोऱ्यात उत्तरेकडील प्रमुख ‘पालान्तीर’, म्हणजे दूरदर्शक गोल, ठेवलेला होता. तिसऱ्या युगाच्या १४०९ साली आंगमारच्या आक्रमणात मनोरा उद्ध्वस्त झाला. ३०१८ साली फ्रोडो तेथे पोहोचतो तेव्हा दगडांचे कडे तेवढे उरलेले असते. माथ्यावरून रस्त्यावरचे काळे स्वार दिसतात; परंतु त्याच रात्री डोंगराच्या कुशीत ते फ्रोडोला गाठून जखमी करतात. राखणदार नसलेले वेधस्थान पाहणाऱ्यालाच उघडे पाडते.

अमोन हेनवरील आसन शाबूत आहे. मुद्रिका धारण केलेल्या फ्रोडोला तेथून चहूकडे युद्धाची सिद्धता दिसते आणि बाराद-दूरच्या नेत्रालाही त्याची चाहूल लागते. क्षणभर निर्णयाचे स्वातंत्र्य लाभताच तो मुद्रिका उतरवतो. पुढे राजवंशाचा न्याय्य वारस ॲरागॉर्न त्याच आसनावर बसतो, तेव्हा त्याला धूसर जग, दूरचे डोंगर आणि आकाशातून उतरणारा गरुडासारखा एक पक्षी एवढेच दिसते. म्हणजे वंशाधिकाराने दृष्टी आपोआप परत येत नाही. ऑर्थांकच्या गोलावर ॲरागॉर्न पुढे स्वत्वाने ताबा मिळवतो हे खरे. परंतु गोल वापरण्याचा अधिकार असलेला देनेथोर त्यातील दृश्यांमुळेच निराशेच्या गर्तेत जातो. त्याला दिसलेले असत्य नव्हते. त्याचा त्याने लावलेला अर्थ घातक ठरला.

महाभारताशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. संजयाला दिव्यदृष्टी व्यासांकडून मिळते, ती धृतराष्ट्राला युद्धवृत्तान्त सांगण्यासाठी असते आणि दुर्योधनाच्या मृत्यूनंतर लोपते. दाता, श्रोता आणि अवधी या तिन्हींनी ती बांधलेली आहे. याउलट, अमोन हेनवर दृष्टीचा दाता नाही, श्रोता नाही आणि मर्यादा घालणारी संस्थाही उरलेली नाही. फ्रोडो पाहिलेले कोणाला न सांगता एकट्यानेच निघण्याचे ठरवतो.

टोल्किनचे रिते आसन म्हणूनच केवळ ऱ्हासाचे चिन्ह नाही. दृष्टीचे साधन टिकले तरी तिला उत्तरदायी ठेवणारी व्यवस्था टिकतेच असे नाही, हे ते दाखवून देते. त्या व्यवस्थेच्या अभावी पाहणाऱ्याच्या हाती उरतो तो केवळ विवेक; आणि कादंबरीचे नैतिक केंद्र याच विवेकात आहे.