पाहणाऱ्याचे ऋण : नागराज मंजुळे यांचे चित्रपट व लोकप्रिय चित्रपटाचा संस्कार

भारतीय चित्रपटाचा आरंभ एका प्रेक्षकापासून झाला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक असली तरी तिचा पुरेसा अर्थ लावला गेला आहे असे म्हणता येत नाही. दादासाहेब फाळके यांनी मुंबईत १९१०-११ च्या सुमारास ख्रिस्तचरित्रावरील एक मूकपट पाहिला. पुढे १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकात लिहिताना त्यांनी त्या अनुभवाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे कृष्ण आणि राम, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये प्रदर्शित झाला तो या दुहेरी पाहण्यातून. समोरचे चित्र फाळके यांना मोहवीत होते, आणि त्याच क्षणी त्यात जे नाही त्याची उणीवही त्यांना जाणवत होती. मोह आणि उणीव या दोहोंपैकी एकच असते तर फाळके एक तर उत्साही प्रेक्षक राहिले असते किंवा तक्रारखोर टीकाकार झाले असते.

कलावंतावरील 'प्रभाव' हा शब्द आपल्या समीक्षेत फार सैलपणे वापरला जातो. अमुक दिग्दर्शकावर तमुक दिग्दर्शकाचा प्रभाव आहे असे म्हटले की दोन दृश्यांतील साम्य दाखवावे, आणि अभ्यास संपला असे मानावे, अशी रीत पडून गेली आहे. सत्यजित राय यांनी १९५० साली लंडनमध्ये 'बायसिकल थीव्ह्ज' पाहिला आणि १९५५ मध्ये 'पथेर पांचाली' आला, हा क्रम सर्वत्र सांगितला जातो. पॅरिसमधील त्र्युफो, गोदार प्रभृती तरुणांनी अमेरिकन चित्रपटांवर आधी लेखणीने व मग कॅमेऱ्याने प्रेम केले, हेही सांगितले जाते. परंतु या सर्वांचे प्रेम निवडक होते, सुसंस्कृत होते. त्यास चित्रपट-मंडळांचा, नियतकालिकांचा, चर्चेचा आधार होता. ज्या प्रेमास असा कोणताही आधार नाही, जे गावच्या पोरासोरांनी व्हिडिओवर लागेल तो हिंदी चित्रपट पाहून केले, त्याचे कलादृष्ट्या काय होते, हा प्रश्न अधिक अवघड आहे. सोलापूर जिल्ह्याने या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण पुरविले आहे.

श्री. नागराज मंजुळे हे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. हिंदी लोकप्रिय चित्रपटावर, विशेषतः अमिताभ बच्चन यांच्या चित्रपटांवर, बालपणी जीव जडला होता, हे त्यांनी वेळोवेळी जाहीरपणे सांगितले आहे. पुणे विद्यापीठात मराठीचे पदव्युत्तर शिक्षण, 'उन्हाच्या कटाविरुद्ध' हा काव्यसंग्रह, नगर येथे संज्ञापनशास्त्राचा अभ्यास, आणि राष्ट्रीय पुरस्कार लाभलेला 'पिस्तुल्या' हा लघुपट, असा त्यांचा पुढील प्रवास आहे. या चरित्रामुळे अभ्यासकांचा एक सोयीस्कर समज होतो. बालपणीचे हिंदी चित्रपट ही जणू उतरवून ठेवलेली झूल, आणि दलित-भटक्या जीवनाचा वास्तववादी आविष्कार हे खरे अंग, असा तो समज होय. 'फँड्री' (२०१३) पाहून तो दृढ होतो आणि 'सैराट' (२०१६) पाहून गोंधळात पडतो. मग 'सैराट'चा पूर्वार्ध धंदेवाईक व उत्तरार्ध वास्तववादी अशी फाळणी करून सुटका करून घेतली जाते. ही फाळणी चुकीची आहे.

आधी त्या प्रेमाचे स्वरूप पाहिले पाहिजे. 'जंजीर' (१९७३) आणि 'दीवार' (१९७५) या चित्रपटांतील नायक हा अपमानित मुलगा आहे. बालपणी झालेला घाव तो अंगावर वागवितो. जग त्यास वाकवू पाहते आणि तो वाकत नाही. गावकुसाबाहेरच्या मुलास हा नायक आपला वाटावा यात नवल नाही. त्याच्या अपमानाची जातकुळी त्यास नेमकी ठाऊक होती. मात्र 'जंजीर'मधील विजयचे आडनाव खन्ना आहे आणि 'दीवार'मधील विजयचे वर्मा. त्यास कोणी जात विचारीत नाही. त्याच्या दुःखाची कारणे गुन्हेगारी, दारिद्र्य, कामगारांच्या लढ्यातील दगाबाजी अशी आहेत. अपमान ओळखीचा आणि आडनाव परके, अशा विचित्र अवस्थेत हा प्रेक्षक बसलेला असतो. फाळके यांस ख्रिस्ताच्या जागी कृष्ण दिसला, परंतु कृष्णाची कथा, चित्रे, मूर्ती हे सारे त्यांच्यापाशी आधीच सिद्ध होते. जेऊरच्या मुलास विजयच्या जागी जो दिसावयाचा तो कोणत्याही पोथीत वा चित्रात नव्हता.

'फँड्री'तील जब्या हा कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. वर्गातील शालूवर त्याचे प्रेम आहे. तिच्याशी तो एक शब्दही बोलत नाही. काळ्या चिमणीची राख अंगावर टाकली की माणूस वश होतो, असे त्यास सांगितले गेले आहे, म्हणून तो तिच्या मागे रानोमाळ हिंडतो. हे सांगणारा सायकल-दुकानदार चंक्या स्वतः मंजुळे यांनीच साकारला आहे. जब्याला जीनची विजार हवी आहे, चांगले दिसावयाचे आहे. हे सारे चित्रपटातील नायकाचे संकल्प आहेत. जत्रेत तो नव्या कपड्यांत नाचू लागतो तेव्हा क्षणभर असे वाटते की आता गीत सुरू होईल आणि नायिकेची नजर त्याच्याकडे वळेल. तिची नजर वळते. परंतु तेवढ्यात वडील त्यास ओढून नेतात आणि त्याच्या डोक्यावर बत्ती देतात. जो नाचणार होता तो इतरांच्या नाचासाठी उजेड धरून उभा राहतो. लोकप्रिय चित्रपटाचा इतका जिव्हाळ्याचा आणि इतका निर्दय अभ्यास मराठीत क्वचितच झाला असेल. जत्रेतल्या गीताची वाट ज्याने स्वतः पाहिली नाही त्यास ते कोठे तोडावे हे कळणे शक्य नाही.

परंतु 'फँड्री'चे खरे सामर्थ्य डुकरे पकडण्याच्या दीर्घ प्रसंगात आहे. कचरू माने, त्याची पत्नी आणि मुले डुकरांच्या मागे धावत असतात, आणि गाव ते पाहावयास जमतो. लोक ठिकठिकाणी बसतात, हसतात, शेरे मारतात, भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घेतात. हळूहळू ध्यानात येते की हे प्रेक्षागृह आहे. ज्या सुखाने माणसे चित्रपट पाहतात त्याच सुखाने हे लोक एका कुटुंबाची विटंबना पाहत आहेत. त्यांतील बहुतेक दुष्टही नाहीत, ते केवळ करमणूक करून घेत आहेत. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, सारे स्तब्ध उभे राहतात, आणि हाती आलेले जनावर निसटून जाते. पुढे मारलेले डुकर वाहून नेत असता मागील भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा यांची चित्रे दिसत राहतात. या चौकटीची स्तुती पुष्कळ झाली आहे. ती योग्यच आहे. तथापि तिचा अर्थ प्रथमदर्शनीच उलगडतो, आणि जमलेल्या गावाकडे पाहण्याची जी अस्वस्थता आहे ती तिच्यात नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो कॅमेऱ्याच्या रोखाने. आयुष्यभर पडद्याकडे तोंड करून बसलेल्या मनुष्यासच बहुधा हे सुचू शकते की पडद्यावरूनही कोणी प्रेक्षकाकडे पाहत असेल.

आता 'सैराट'कडे वळता येईल. बिटरगावातील आर्ची पाटील आणि मच्छीमाराचा मुलगा परश्या काळे यांची कथा पूर्वार्धात ज्या थाटाने सांगितली आहे तो थाट उपरोधाचा नाही. मंदगतीतील धावणे, विहीर, बागायत, पक्ष्यांचे थवे, बुलेटवर आणि ट्रॅक्टरवर येणारी नायिका, आणि चार गीते : या गीतांचे संगीत अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिस येथे भव्य वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित करविले. करमाळ्याच्या रानातील एका पोराच्या प्रेमास एवढा ध्वनी द्यावा, ही कृती विडंबनाची असूच शकत नाही. खन्ना आणि वर्मा यांना जे मिळत होते ते परश्या काळे यास येथे पुरेपूर मिळते. यासच दिग्दर्शकाचे ऋणशोधन म्हणावयाचे. त्यातही एक फेरफार आहेच. धैर्य, दांडगाई आणि पुढाकार हे नायकाचे गुण आर्चीकडे दिले आहेत. परश्या पाहतो, ती कृती करते. पाटलाच्या मुलीस हे धैर्य तिच्या जातीने आणि जमिनीने दिले आहे, हे मात्र प्रेक्षकास नंतर उमगते.

मध्यंतराच्या सुमारास दोघे पळून हैदराबादेस पोहोचतात आणि चित्रपट आपली साधने एकेक करून मिटवू लागतो. पूर्ण गीत असे पुन्हा येत नाही. तेलुगू संभाषणाचा अर्थ मराठी प्रेक्षकास उलगडून दिलेला नाही. परश्याइतकाच तोही बहिरा होतो. डोशांचा धंदा करणाऱ्या सुमन अक्काच्या आश्रयाने झोपडपट्टीत संसार सुरू होतो. येथे 'कयामत से कयामत तक' (१९८८) या चित्रपटाचे स्मरण उपयुक्त ठरते. त्यातही दोन वैरी घराण्यांतील तरुण-तरुणी पळून जातात आणि डोंगरातील निर्जन वास्तूत संसार मांडतात. तिला स्वयंपाक येत नाही, हा तेथे लाडिक विनोद आहे. 'सैराट'मध्ये तोच भाग तासाभराचा होतो. घाण, शौचालय, पाणी, पगार, संशय, मारहाण, माहेरची ओढ यांनी तो भरलेला आहे. जुन्या चित्रपटाने जेथे गीत घालून काळ उडविला तेथे मंजुळे काळ मोजतात. प्रेमकथेस त्यांनी खोटे ठरविलेले नाही. तिच्यात वगळलेली पाने त्यांनी परत बसविली आहेत.

आणि मग अखेर. आईने पाठविलेल्या भेटी घेऊन आर्चीचा भाऊ प्रिन्स येतो. हत्या दिसत नाही. बाहेर गेलेले मूल परतते, रक्तात पडलेले आईबाप पाहते, आणि त्याचे तोंड रडण्यासाठी उघडते तेव्हा ध्वनी पूर्णपणे नाहीसा झालेला असतो. पूर्वार्धात वाद्यवृंदाचा एवढा पूर आला नसता तर ही शांतता केवळ एक तांत्रिक युक्ती वाटली असती. 'झिंगाट' या गीतावर प्रेक्षागृहात उठून नाचणारे लोक आणि या शांततेत बसलेले लोक एकच होते. पूर्वार्ध धंदेवाईक म्हणून बाजूस सारणाऱ्या समीक्षकास उत्तरार्धाचा आघात कोठून येतो हे सांगता येणार नाही. जुन्या प्रेमपटांत नायक-नायिकेचा मृत्यू त्यांच्या प्रेमाचा कळस असे, त्यावर संगीताचे छत्र असे. येथे मृत्यूस छत्र नाही. मागे उरतात ती मुलाच्या पावलांची रक्ताळलेली ठसे.

ज्या हिंदी चित्रपटाकडून ही साधने आली होती त्यानेच पुढे ही कथा परत मागून घेतली. २०१८ मध्ये 'धडक' या नावाने तिचे हिंदी रूपांतर निघाले. ती उदयपूरला गेली, जातीचा उच्चार पुसट झाला, आणि घरे, वस्त्रे, चेहरे पुनश्च निर्मळ झाले. मंजुळे यांनी परश्यास जे आडनाव दिले होते त्याचा भार तेथे कोणासही वाहावा लागला नाही. रूपांतराच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. उसने घेणे आणि परत नेणे यांतील फरक तेवढा या दोन चित्रपटांच्या तुलनेतून कळतो.

सर्वांत बिकट कसोटी 'झुंड' (२०२२) या हिंदी चित्रपटाची आहे. कारण येथे प्रेमविषय स्वतःच कॅमेऱ्यापुढे उभा आहे. नागपूरच्या झोपडपट्टीतील मुलांस फुटबॉल शिकविणारे विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला असून अमिताभ बच्चन यांनी विजय बोराडे ही भूमिका केली आहे. नावाचा योगायोग वास्तवाने पुरविला. दिग्दर्शकाने तो आनंदाने स्वीकारलेला दिसतो. झोपडपट्टी आणि महाविद्यालयाचे मैदान यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि वस्तीतील मुख्य मुलास सारे 'डॉन' म्हणतात. हा विजय मारामारी करीत नाही, शांतपणे बोलतो, आंबेडकर जयंतीच्या प्रसंगी प्रतिमेसमोर हात जोडून उभा राहतो. हिंदी चित्रपटाच्या महानायकास त्या प्रतिमेसमोर उभे करणे, यात फाळके यांच्या दुहेरी पाहण्याची आठवण यावी असे बळ आहे.

तरीही 'झुंड' पहिल्या दोन चित्रपटांच्या तोलाचा नाही. न्यायालयात मुलांची बाजू विजय मांडतो आणि ते भाषण कितीही उदात्त असले तरी आरोपी मुलगा त्या वेळी ऐकत बसलेला असतो. जब्यास कोणी वकील नव्हता. म्हणून त्याच्या हाती दगड आला. आवडत्या नटास मौनात ठेवणे दिग्दर्शकास जड गेले असावे. या चित्रपटातील सर्वोत्कृष्ट भाग एका आदिवासी मुलीचा आहे. परदेशी सामन्यासाठी निवड झालेली मोनिका पारपत्राकरिता ओळखीचा पुरावा मिळवू पाहते, आणि तिचा बाप तिला घेऊन या दारातून त्या दारात हिंडतो. ती याच देशाची आहे हे कागदावर लिहून देणारा कोणी भेटत नाही. बापलेकींची ती पायपीट मंजुळे यांनी घाई न करता, जवळजवळ निःशब्दपणे दाखविली आहे. आणि तेवढा वेळ विजय पडद्यावर नाही.