क्विल्ट बोलते ती कुणाच्या तोंडाने?

अमेरिकेत काही वर्षे काढलेल्या मराठी माणसाला क्विल्ट ओळखीची असते. काउंटी फेअरमध्ये निळी फीत लावून टांगलेली, चर्चच्या सेलमध्ये घडी घालून ठेवलेली, शेजारच्या आजीबाईंनी नव्या बाळासाठी शिवून आणून दिलेली. आपण कौतुकाने म्हणतो, "अहो, ही तर आपली गोधडी!" आणि पुढे जातो. मीही बरीच वर्षे असाच पुढे गेलो.

२०२१ च्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमुळे थांबावे लागले. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये 'फॅब्रिक ऑफ अ नेशन : अमेरिकन क्विल्ट स्टोरीज' हे प्रदर्शन भरले होते. नावातच 'स्टोरीज' आहे. क्विल्ट गोष्ट सांगते, हे वाक्य या देशात इतक्या वेळा ऐकू येते की ते कुणी तपासून पाहत नाही. मी पेशाने इंजिनियर. वाक्य तपासून पाहण्याची खोड आहे. कापड गोष्ट सांगते म्हणजे नेमके काय करते?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला हॅरिएट पॉवर्सपासून सुरुवात करणे बरे. ही बाई १८३७ साली जॉर्जिया राज्यात गुलामगिरीत जन्मली आणि १९१० साली वारली. तिच्या हातच्या दोनच क्विल्ट्स आज उरल्याचे ज्ञात आहे. पहिली, साधारण १८८५-८६ सालची 'बायबल क्विल्ट', वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये असते. दुसरी, १८९५ ते १८९८ च्या दरम्यानची 'पिक्टोरियल क्विल्ट', बॉस्टनला. या प्रदर्शनात दोघी पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या. एवढ्या एका गोष्टीसाठीही तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

बॉस्टनच्या क्विल्टमध्ये पाचाच्या तीन ओळी, म्हणजे पंधरा चौकटी आहेत. माणसे, प्राणी, तारे, सूर्य यांचे आकार कापडातून कापून दुसऱ्या कापडावर टाचलेले. आदम-ईव्ह आहेत, योना आणि त्याचा मासा आहे, ख्रिस्ताचे क्रुसारोहण आहे. आणि त्यांच्याच शेजारी, त्यांच्याच मापाच्या चौकटींत, या देशात घडलेल्या घटना आहेत. १९ मे १७८० रोजी न्यू इंग्लंडमध्ये भर दिवसा अंधार झाला, ती चौकट. १३ नोव्हेंबर १८३३ च्या रात्री आकाशातून उल्कांचा पाऊस पडला, ती चौकट. फेब्रुवारी १८९५ ची थंडी, जिच्यात एक बाई प्रार्थना करता करता गोठली, ती चौकट. आणि एक डुकरीण! तिचे नाव बेट्स. ती जॉर्जियाहून व्हर्जिनियापर्यंत पाचशे मैल धावली म्हणे. गुलामगिरीतून पळणाऱ्या माणसांची सूचना काही अभ्यासकांना या डुकरिणीत दिसते.

तारखा पुन्हा वाचा. १७८० आणि १८३३ या दोन्ही घटना पॉवर्सच्या जन्मापूर्वीच्या आहेत. म्हणजे त्या तिने ऐकलेल्या होत्या. ऐकलेले तिने कापडात आणले आणि बायबलच्या शेजारी मानाने बसवले. देवाचा हात जसा योनाच्या माशात, तसाच आपल्या गावावरच्या आकाशात, अशी तिची मांडणी. गोष्ट सांगण्याचा याहून भक्कम नमुना मला अमेरिकन चित्रकलेतही फारसा आठवत नाही.

पण थांबा. डुकरिणीचे नाव बेट्स, हे कापडावर कुठे लिहिले आहे? कुठेच नाही. मी दहा मिनिटे त्या चौकटीपुढे उभा होतो. शेजारची पाटी नसती तर मला ते एक जनावर दिसले असते, पुढे काही नाही.

पाटीवरचा मजकूर आला कुठून, हीच खरी कथा. १८८६ साली अथेन्स गावच्या कापूस मेळाव्यात जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पॉवर्सची पहिली क्विल्ट पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सने साफ नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण झाली तेव्हा ती बैलगाडीत बसून, पिठाच्या स्वच्छ पोत्यात गुंडाळलेली क्विल्ट मांडीवर घेऊन स्मिथच्या दारात आली. दहा डॉलर मागितले, पाचावर सौदा झाला. देण्यापूर्वी तिने एकेका चौकटीचा अर्थ सांगितला आणि स्मिथने तो लिहून घेतला. पुढे ती आपली क्विल्ट बघायला अनेकदा त्या घरी जात असे. दुसऱ्या क्विल्टचेही चौकटवार वर्णन असेच टिपलेले आहे.

आमच्या धंद्यात एक नेहमीचा अनुभव आहे. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम हातात येतो. तो चालतो, सुबकही असतो. पण अमुक ओळ का घातली हे लिहून ठेवलेले नसते, आणि लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. मग आपण अंदाज करतो, आणि अंदाज बहुधा चुकतो. पॉवर्सच्या क्विल्ट्सना अशी टिपणे मिळाली, म्हणून त्या आज बोलतात. ही टिपणेही दुसरीच्या शब्दांत आहेत, हे विसरू नये. पॉवर्स निरक्षर होती असे कित्येक वर्षे धरून चालले होते. मग तिच्या १८९६ च्या एका पत्राची प्रत उजेडात आली आणि तिला लिहिता-वाचता येत होते असे दिसले. तिच्याजवळ शब्द नसतील असे जगाने परस्पर ठरवून टाकले होते.

टिपणे नसली की काय होते, याची दोन उदाहरणे आहेत, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट टोकाची आहेत. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 'ॲब्स्ट्रॅक्ट डिझाइन इन अमेरिकन क्विल्ट्स' हे प्रदर्शन झाले. जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या दोघांनी जमवलेल्या क्विल्ट्स आधुनिक चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. पांघरुणाला कलेचा दर्जा मिळाला, हे त्या प्रदर्शनाचे मोठे उपकार. पण शिवणाऱ्या बायका बहुतेक अनामिक राहिल्या, आणि प्रेक्षकाने रंग आणि आकार पाहून समाधान मानायचे असा प्रघात पडला. गोष्ट पुसली गेली.

दुसरे उदाहरण १९९९ सालच्या 'हिडन इन प्लेन व्ह्यू' या पुस्तकाचे. पळणाऱ्या गुलामांना वाट कळावी म्हणून क्विल्ट्सच्या नमुन्यांत गुप्त संकेत शिवलेले असत, असा त्याचा दावा. आपली मुले अमेरिकन शाळांत हे शिकून येतात. माझी मुलगीही शिकून आली. पण या संकेतांचा त्या काळातला लेखी पुरावा मिळत नाही, आणि इतिहासकारांनी हा दावा बव्हंशी नाकारला आहे. इथे गोष्ट पुसली नाही, वरून चिकटवली. मुलीला हे सांगितले तेव्हा ती हिरमुसली. "मग त्या बायकांनी काहीच नाही का केले?" तिने विचारले. मी तिला बेट्स डुकरीण दाखवली. खरी गोष्ट असताना मानीव गोष्टीची गरज काय?

याच व्हिटनी म्युझियममध्ये २००२ साली अलाबामातल्या जीज बेंड या खेड्यातल्या क्विल्ट्स आल्या, ह्यूस्टनहून. या वेळी शिवणारणींची नावे बरोबर होती. त्यांत मिसूरी पेटवे या बाईने १९४२ साली शिवलेली एक क्विल्ट आहे. नवरा वारला, तेव्हा तिने त्याचे शेतात कामाला वापरायचे कपडे उसवून, त्यांचे पट्टे जोडून ती केली. आठवण म्हणून ती पांघरता यावी, एवढाच हेतू. हे आपल्याला तिच्या लेकीने सांगितले म्हणून कळले. १९७१ च्या नजरेने पाहिले तर निळ्या-करड्या रंगांची ती सुरेख रचना आहे. लेकीचे शब्द ऐकल्यावर त्या विटलेल्या कापडातले ऊन दिसू लागते. रचना तीच राहते. आपण मात्र बदललेलो असतो.

ही परंपरा आजही चालू आहे. माझ्या मते तिच्यातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल फेथ रिंगगोल्ड (१९३० - २०२४) यांनी टाकले. १९८३ पासून त्यांनी गोष्टीचा मजकूर क्विल्टवरच लिहायला सुरुवात केली. १९८८ च्या 'टार बीच'मध्ये हार्लेममधल्या गच्चीवर मोठी माणसे पत्ते खेळत बसली आहेत, आणि एक छोटी मुलगी पुलावरून उडते आहे. वर आणि खाली पट्टीत तिचे बोलणे लिहिलेले आहे. आता कुणा स्मिथबाईंची वाट पाहायला नको. तसेच १९८७ साली सुरू झालेल्या एड्स क्विल्टचे: तीन फूट बाय सहा फुटांचा प्रत्येक तुकडा एकेका मृताच्या नावाचा. ज्यांची नावे उच्चारायला घरचे लोकही कचरत होते, त्यांची नावे त्या वर्षी ११ ऑक्टोबरला वॉशिंग्टनच्या मॉलवर उघड्यावर अंथरली गेली.

तेव्हा माझे मत असे : क्विल्ट आपण होऊन बोलत नाही. ती बोलावी म्हणून कुणीतरी वेळेवर विचारावे लागते, आणि ऐकलेले जसेच्या तसे लिहून ठेवावे लागते. बॉस्टनच्या प्रदर्शनात ही विचारपूस जिथे झाली होती तिथे मी अडखळून थांबलो. जिथे झाली नव्हती तिथे 'सुंदर आहे' म्हणून पुढे सरकलो. शीर्षकातल्या 'स्टोरीज' या शब्दाचे श्रेय त्यामुळे सुईइतकेच लेखणीलाही आहे.

हे सारे मी इतक्या ठामपणे लिहितो आहे, पण माझ्या बेसमेंटमध्ये एक गोधडी आहे. एम.एस.साठी निघालो तेव्हा बॅगेचे वजन जास्त भरले. मी गोधडी काढू लागलो, तर आईने लोणच्याची बरणी काढली आणि गोधडी परत आत दाबली. ती आजीने शिवलेली. गेल्या घरबदलात मी तिच्यात टीव्ही गुंडाळून आणला.

प्रदर्शनाहून आल्यावर ती धुतली आणि आलेखाच्या कागदावर तिचा नकाशा काढला. ठिगळे चोवीस निघाली. प्रत्येकाला नंबर दिला, फोटो काढून आईला पाठवले, आणि ती फोनवर सांगेल ते लिहीत गेलो. तिला पाच ओळखू आली. सातवे तिच्या बारशाच्या दुपट्याचे, अकरावे आजोबांच्या सदऱ्याचे. बाकीची एकोणीस आजीलाच ठाऊक असणार, आणि आजी १९९८ साली गेली. आत्या आता पंच्याऐंशी वर्षांची आहे. तिला फोटो नीट दिसत नाहीत. चुलतभाऊ म्हणाला, कागदावर मोठे छापून पोस्टाने पाठव. पाकीट तयार आहे. उद्या टाकतो.