बोटभर माणसे, आभाळभर कथा

प्रौढ माणसाने करू नयेत अशा गोष्टींची एक अलिखित यादी आपल्या घराघरांत असते. तीत चित्रे-पुतळे रंगवीत बसणे येते आणि विज्ञानकथा वाचणेही येते. दोन्ही गोष्टी मुलांच्या, असा निकाल त्यामागे असतो. मी गेली पाच वर्षे या दोन्ही गोष्टी एकाच टेबलावर करीत आलो आहे. डाव्या हाताला पुस्तक, उजव्या हाताला ब्रश, आणि मध्ये जेमतेम सव्वा इंच उंचीचा एखादा अंतराळवीर. एक कथा वाचून झाली की एक पुतळा पुरा करायचा, असा माझा नेम आहे. या नेमातून पुतळ्यांविषयी जे कळले ते सांगण्यासारखे आहेच. पण त्याहून अधिक कळले ते कथांविषयी, आणि हा लेख त्यासाठी आहे.

ही सांगड माझी एकट्याची नाही. विज्ञानकथेचा एक जनक एच. जी. वेल्स हा खेळण्यातल्या शिपायांचा भारी शौकीन होता. 'टाइम मशीन' (१८९५) आणि 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) लिहिणाऱ्या या गृहस्थाने १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक काढले. जमिनीवर शिपाई मांडावेत, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे सोडावेत आणि लढाई कशी खेळावी, याचे नियम त्यात आहेत. उपशीर्षकात त्याने खेळणाऱ्यांच्या वयाची वरची मर्यादा दीडशे वर्षे ठेवली आहे, ही मौज ध्यानात ठेवण्यासारखी आहे! खऱ्या युद्धापेक्षा हे खोटे युद्ध किती शहाणपणाचे, हे तो शेवटी बजावतो. आणि पुढच्याच वर्षी, १९१४ साली, खरे महायुद्ध पेटले.

याच वेल्सने मंगळावरची माणसे पृथ्वीवर उतरवली ती कुठे? लंडनजवळच्या वोकिंग गावच्या परिसरात, जिथे तो स्वतः राहत होता. सायकलवरून फिरून त्याने त्या भागातले रस्ते आणि घरे हेरून ठेवली होती, आणि मग कथेत एकेकाचा विध्वंस केला. मंगळावरचा राक्षस वाचकाने कधी पाहिलेला नसतो. पण ज्या रस्त्यावर तो उभा राहतो तो रस्ता ओळखीचा असला, म्हणजे राक्षसाची उंची वाचकाला आपोआप कळते. माझ्या मते विज्ञानकथेची पहिली कसोटी ही आहे.

आता पुतळ्यांकडे वळू. मी रंगवतो ते पुतळे नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप या कंपनीच्या 'वॉरहॅमर ४०,०००' या खेळातले. हा खेळ १९८७ साली निघाला, आणि त्यातली युद्धे आजपासून सुमारे अडतीस हजार वर्षांनंतरची आहेत. पुतळ्याचे हात, पाय, डोके प्लॅस्टिकच्या चौकटीत सुटे येतात. ते कापून, घासून, चिकटवून पुतळा उभा करायचा. मग अस्तर, त्यावर मूळ रंग, मग खाचांत पाण्यासारखा पातळ गडद रंग, आणि शेवटी ब्रश फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवर फिरवलेला फिका हात. पहिल्या वर्षी मी रंग पातळ करायला शिकलो, दुसऱ्या वर्षी सावली टाकायला. प्रकाश कुठून येतो हे आधी ठरवल्याखेरीज एकही ठिपका टेकवू नये, हे तिसऱ्या वर्षी उमगले. चौथ्या वर्षी चिलखताच्या कडा झिजलेल्या दाखवायला शिकलो. अगदी कोरे, चकचकीत चिलखत खोटे दिसते. कडेला दोन ओरखडे आले की ते कोणीतरी अंगावर घातलेले वाटू लागते.

या पुतळ्यांची मापे मात्र खरी नसतात. डोके आणि हात शरीराच्या मानाने मुद्दाम मोठे घडवलेले असतात; नाहीतर हातभर अंतरावरून चेहरा दिसणार नाही आणि हातात काय धरले आहे ते कळणार नाही. आपल्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. गिरगावातल्या चाळीच्या चौकात दिवाळीला मातीचा किल्ला होतो, त्यावर हळीव पेरून हिरवळ आणली जाते, आणि वर सिंहासनावर महाराज बसतात. त्या महाराजांची उंची बुरुजाएवढी असते. पहारेकरी दरवाजात मावत नाही, आणि गुहेतला वाघ गवळणीपेक्षा लहान असतो. तरी त्या किल्ल्याला कोणी खोटा म्हणत नाही, कारण तिथे माप ठरते ते मानावरून. लालबाग-परळच्या गणेश चित्रशाळांतही तेच. रंगकाम कितीही हातांनी होवो, डोळ्यांची आखणी सर्वांत स्थिर हाताकडे जाते, आणि ती झाली की मूर्ती पाहणाऱ्याकडे पाहू लागते. आकार कितीही प्रचंड असो, मूर्तीचा जीव त्या दोन रेघांत असतो.

हीच नजर घेऊन मी मराठी विज्ञानकथेकडे गेलो. आणि मराठी विज्ञानकथा म्हटले की पहिला मुक्काम जयंत नारळीकरांपाशी होणे अपरिहार्य आहे. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यानंतर त्यांच्या खगोलशास्त्राविषयी भरभरून बोलले गेले, आणि ते योग्यच झाले. पण कथाकार नारळीकरांविषयी जे बोलले गेले त्यात आदर फार आणि वाचन थोडे, असे मला जाणवले. एवढा मोठा शास्त्रज्ञ मराठीत गोष्टी लिहितो याचेच आपल्याला इतके अप्रूप, की त्या गोष्टी चांगल्या कोणत्या आणि फिक्या कोणत्या, हे विचारायचे राहून जाते. साहित्य अकादेमीने २०१४ साली त्यांचा गौरव केला तोही 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. वास्तविक १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरवली होती. कथेकडे कथा म्हणूनच पाहिले जावे, लिहिणाऱ्याच्या पदाकडे पाहून नव्हे, ही इच्छा त्यात उघड आहे. पहिले बक्षीस त्या जगतापांना मिळाले. आपणही जगतापांनाच वाचावे, हे मला अधिक न्यायाचे वाटते.

त्यांच्या कथांतली माझ्या मते सर्वांत सरस म्हणजे 'गंगाधरपंतांचे पानिपत'. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत पुण्याहून मुंबईला येतात आणि त्यांना भलतीच मुंबई भेटते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी या जगात चाटून गेली आहे. मराठे हरलेले नाहीत, आणि पुढचा सगळा इतिहास दुसऱ्याच रुळांवरून धावला आहे. कल्पना आभाळाएवढी. पण नारळीकर ती दाखवतात कशातून? बोरीबंदरच्या स्टेशनातून, हॉर्नबी रोडवरच्या पाट्यांतून, टाउन हॉलच्या ग्रंथालयातल्या टेबलावरून. नारळीकर १९७२ पासून कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, त्यामुळे हा सारा भाग त्यांच्या पायाखालचा. वेल्सने वोकिंगचे जे केले तेच त्यांनी कोटातल्या मुंबईचे केले. टाउन हॉलच्या पायऱ्या चढलेल्या कोणत्याही मुंबईकराला गंगाधरपंतांची धडधड समजते.

आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खुद्द गंगाधरपंत. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेला हा माणूस आझाद मैदानावरच्या सभेत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहतो, आणि त्याला राहवत नाही. त्या जगात अध्यक्षाची पद्धतच उरलेली नाही, हे त्याला कुठे ठाऊक! श्रोते खवळतात, आणि विद्वानाचे स्वतःचे पानिपत होते. मी ज्याला डोळ्यांची आखणी म्हणतो ती ही. अध्यक्षपदाची हौस हा मराठी माणसाचा नेमका ओळखीचा अवयव; तो लेखकाने किंचित मोठा घडवला आहे, आमच्या पुतळ्यांच्या हातांसारखा. म्हणून सबंध इतिहास उलटापालटा झाला तरी माणूस हरवत नाही.

कथेचा शेवटचा भाग मात्र निराळा आहे. तिथे राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र घडलेल्या प्रकाराची उपपत्ती समजावून सांगतात आणि कथा वर्गात जाऊन बसते. पुतळ्याच्या प्रत्येक कडेला काळी रेघ ओढावी तसे हे होते. आकार स्पष्ट होतो, पण गोलाई जाते. तरी कथा तगते ती बखरीच्या एका फाटक्या पानामुळे. ते पान गंगाधरपंतांच्या खिशात या जगात आले आहे. त्या चिटोऱ्याला जे वजन आहे ते पानभर विवेचनाला नाही.

'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्याचे उजवे होण्याची भूमितीतली कल्पना आहे. ती समजावायला लेखक क्रिकेटचे मैदान आणि गणपतीची मूर्ती वापरतो. उजव्या सोंडेचा गणपती कडक, ही समजूत आपल्या घराघरांत आहे; त्यामुळे नुसत्या शीर्षकाने अर्धे काम होते. मात्र इथली माणसे उलटी करून दाखवण्यासाठीच उभी केली आहेत असे वाटते. अस्तर आणि मूळ रंग उत्तम, पण कडा झिजलेल्या नाहीत. मुंबईवर बर्फ पडतो त्या कथेतही सकाळी मुले आनंदाने नाचतात तो आरंभ अचूक आहे. पुढे शास्त्रज्ञांच्या चर्चा सुरू झाल्या की ती मुले आठवत राहतात. याउलट 'धूमकेतू' पाहा. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वाटेवरून ढळवतात, आणि घरात श्रेय मात्र शांतीच्या होमाला जाते! शास्त्राची बाजू घेणाऱ्या लेखकाने शेवटी हार दाखवली ती आपल्याच बाजूची, आणि तीही स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, विज्ञानकथेचे काम विज्ञान सांगण्याचे. माणसे रंगवायला इतर कथा आहेत. हा युक्तिवाद मला मान्य नाही. नुसते विज्ञान सांगायचे तर लेख पुरतो, आणि नारळीकरांनी तसे लेख पुष्कळ लिहिले. त्यांनी कथा लिहिली, कारण नवे ज्ञान माणसाच्या घरात शिरल्यावर त्या घराचे काय होते हे लेखात दाखवता येत नाही. उलट बाजूने, ज्या कथेतले विज्ञान काढून घेतले तरी काही बिघडत नाही, ती विज्ञानकथाच नव्हे. पुतळा आणि प्रकाश वेगळे काढता येत नाहीत, तसे हे आहे. आज तर यंत्रे बोलू-लिहू लागली आहेत. कालची कल्पना मुलांच्या खिशात येऊन बसली आहे. अशा वेळी ज्यांनी हे आधी कल्पून पाहिले त्यांच्या कथा बालवाङ्मय म्हणून फळीवर टाकणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून सुटीसाठी एक छोटा आराखडा सुचवतो. घरातल्या मोठ्यांनी आणि मुलांनी तो मिळून वाचावा. आरंभी वेल्स, मग नारळीकरांची 'यक्षांची देणगी'. त्यानंतर नारायण धारपांची 'नेनचिम'. भयकथेवर पोसलेला हात विज्ञानाकडे वळला की काय होते ते तीत दिसते. मग लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके आणि सुबोध जावडेकर यांचा एकेक संग्रह, आणि अखेरीस अरुण साधूंची 'विप्लवा'. 'मुंबई दिनांक' लिहिणारा लेखक मुंबई सोडून किती दूर जातो आणि काय बरोबर नेतो, हे पाहण्यासाठी. प्रत्येक कथेला दोनच प्रश्न विचारावेत. यात प्रकाश कुठून येतो? आणि यातल्या माणसाचे डोळे आखलेले आहेत का?

माझ्या टेबलावर सध्या धारप उघडे आहेत, आणि शेजारी अस्तर वाळत असलेला एक पुतळा उभा आहे. त्याचा रंग अजून ठरलेला नाही. तो पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर ठरेल.