उत्सवकाळ आणि उपजीविका : ‘फॉलोइंग द इक्वेटर’मधील श्रमजीवी प्रवासी

प्रवासवर्णनाचे परीक्षण करताना लेखक कोठे गेला आणि त्याने काय पाहिले, हे प्रश्न प्रथम विचारले जातात. तो कशासाठी गेला आणि प्रवासात त्याला कोणते काम करावे लागले, हे प्रश्न मात्र बहुधा चरित्रकारावर सोपविले जातात. ही विभागणी सोयीची असली तरी निर्दोष नाही. लेखकाच्या कामाचा परिणाम त्याच्या वाक्यरचनेवर आणि दृष्टीवर होत असेल, तर तो समीक्षेचाच विषय ठरतो. मार्क ट्वेनचा १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फॉलोइंग द इक्वेटर’ हा ग्रंथ या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

ट्वेनची प्रकाशनसंस्था १८९४ मध्ये दिवाळखोरीत निघाली. अक्षरजुळणीच्या एका यंत्रात गुंतविलेला पैसाही बुडाला. धनकोंची देणी फेडण्यासाठी त्याने १८९५ च्या जुलैत जगभर व्याख्यानांचा दौरा सुरू केला. पत्नी ऑलिव्हिया आणि कन्या क्लारा त्याच्याबरोबर होत्या. सूझी आणि जीन या दोघी मुली अमेरिकेत मागे राहिल्या. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील व्याख्याने चालू असतानाच, ३० नोव्हेंबर १८९५ रोजी, त्याला साठ वर्षे पूर्ण झाली. नाताळ आणि नववर्ष हा घरी परतण्याचा काळ त्याने दक्षिण गोलार्धाच्या उन्हाळ्यात, घरापासून दूर आणि कामाच्या वाटेवर घालविला.

या काळाचे वर्णन ग्रंथात किती येते ? केवळ एका वाक्यात. ४ जानेवारी १८९६ च्या नोंदीत नाताळ मेलबर्नमध्ये आणि नववर्षदिन ॲडलेडमध्ये गेल्याचे, तसेच दोन्ही ठिकाणी बहुतेक स्नेह्यांची पुन्हा भेट झाल्याचे सांगून लेखक पुढे जातो. मूळ इंग्रजी वाक्याच्या पूर्वार्धात क्रियापद नाही आणि उत्तरार्धात कर्ता नाही. सणाचे नाव गावाच्या नावाशी जोडले जाते, ते एखाद्या वेळापत्रकातील ओळीसारखे. हिमाऐवजी ऊन असलेल्या नाताळाचे कौतुक करण्याची संधी त्याने घेतलेली नाही.

यावर असा आक्षेप संभवतो, की दैनंदिनीच्या नोंदी स्वभावतःच त्रोटक असतात. त्यांच्या व्याकरणावर अर्थाचा भार टाकणे योग्य नाही. आक्षेप विचारार्ह आहे. परंतु ग्रंथातीलच दुसरा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. मेलबर्नच्या घोडदौडीच्या दिवसाविषयी लिहिताना ट्वेन सणांची सविस्तर तुलना करतो. अमेरिकेतील कोणताही सण सर्वांना सारख्याच उत्कटतेने व्यापीत नाही, आणि भेटवस्तूंच्या खरेदीपायी नाताळ हा कित्येकांना धास्तीचा विषय होतो, असे तो तेथे विनोदाने मांडतो. म्हणजे सण या विषयावर त्याच्यापाशी बोलण्यासारखे पुष्कळ होते. इतरांच्या उत्सवाला पाने मिळतात आणि स्वतःच्या उत्सवाला एक ओळ. या प्रमाणभेदाचे स्पष्टीकरण केवळ दैनंदिनीच्या प्रकृतीने होत नाही. ज्याला प्रत्येक नगरात श्रोत्यांना हसवायचे आहे, त्याच्या स्वतःच्या सुटीला कथनात जागा उरत नाही, असा निष्कर्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

या जाणिवेचा विस्तार ग्रंथाच्या मुंबईविषयक भागात आढळतो. १८९६ च्या जानेवारीत सिलोनमार्गे ट्वेन मुंबईस पोहोचला. नगराच्या रंगांनी आणि गर्दीने तो भारावून जातो. परंतु त्या वर्णनात एक प्रसंग वेगळाच उभा राहतो. हॉटेलातील खोलीचे दार नीट करण्यासाठी एक एतद्देशीय नोकर गुडघे टेकून बसतो. त्याचे काहीतरी चुकते ; सोबतचा जर्मन मनुष्य चूक सांगण्यापूर्वीच त्याच्या तोंडात मारतो आणि नोकर निमूटपणे सहन करतो. त्या क्षणी ट्वेनचे मन मिसूरीतील बालपणाकडे जाते. गुलामाला आपली इच्छा समजावून देण्याची हीच रीत तेथे रूढ होती. आपला पिताही घरातील गुलाम मुलाला अधूनमधून मारीत असे, हे तो लपवीत नाही. पुढे, क्षुल्लक चुकीसाठी एका गुलामाच्या डोक्यावर लोहखनिजाचा गोळा फेकला गेला आणि तो तासाभरात मेला, ही आपण दहाव्या वर्षी पाहिलेली घटना तो नोंदवितो.

येथे नोकर हा प्रवाशाच्या सुखसोयींचा भाग राहत नाही. उष्ण प्रदेशातील पाश्चात्त्य प्रवाशाची विश्रांती ज्यांच्या श्रमावर उभी असते, त्यांच्यापैकी एक मनुष्य वाचकाच्या दृष्टीसमोर येतो. असा प्रसंग टिपण्यास लेखक स्वतः कष्टत असणे पुरेसे कारण आहे, असे म्हणता येणार नाही. पण दाखविणाऱ्याचा अधिकार न गाजविता स्वतःच्या घराची साक्ष काढण्याचा प्रामाणिकपणा येथे निश्चित आहे.

तथापि या सहानुभूतीची मर्यादाही स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. मॅन्युएल या पहिल्या नोकराच्या मोडक्या इंग्रजीवर ट्वेन विनोद रचतो आणि त्याला कामावरून दूर करतो. त्याच्या जागी आलेल्या चपळ नोकराला तो ‘सेटन’, म्हणजे सैतान, हे नवे नाव देतो. या नामकरणात माया आहे, हे खरे. परंतु दुसऱ्याचे नाव बदलण्याची मुभा नेहमी मालकालाच असते, हेही तितकेच खरे. शिवाय पोटासाठी परभाषा बोलणाऱ्याची भाषा सदोष असणे स्वाभाविक होय. ज्या लेखकाने अमेरिकेतील बोलींना साहित्यात प्रतिष्ठा दिली, त्याच्या कानाला या इंग्रजीतील व्यवस्था ऐकू येऊ नये, ही उणीव लहान नाही. थप्पड पाहताच जागी झालेली विवेकबुद्धी भाषेच्या बाबतीत निद्रिस्तच राहते.

ग्रंथाच्या काळरचनेकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. मुंबईत रात्री एका वाङ्निश्चय-समारंभाला जाता-येताना रस्त्यावर झोपलेली माणसे ट्वेनला प्रेतवत् भासतात. लागलीच तो सांगतो, की तेव्हा प्लेग नव्हता. आता मात्र तो नगर उद्ध्वस्त करीत आहे. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेग पसरला आणि ग्रंथाचे लेखन लंडनमध्ये १८९६-९७ या काळात झाले. ‘तेव्हा’ आणि ‘आता’ या दोन शब्दांनी प्रवासाचा आनंद आणि लेखनाचा काळ यांतील अंतर मोजले जाते. त्या अंतरात लेखकाची स्वतःची हानीही सामावलेली आहे. दौरा संपल्यावर, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, मागे राहिलेली सूझी हार्टफर्ड येथे मेंदूज्वराने मरण पावली. शेवटचे नाताळ आपण तिच्यापासून दूर घालविले, हे ती एक ओळ छापील पुस्तकात ठेवताना लेखकाला ठाऊक होते. ओळीचा त्रोटकपणा शोकातून आला, असे मात्र म्हणता येणार नाही. तशी नोंद प्रवासातच होणे शक्य आहे. इतकेच म्हणता येईल, की ती पुढे विस्तारली गेली नाही.

ग्रंथात खरी सुटी कोठे आहे, हे पाहू गेल्यास ती समुद्रावर सापडते. भारत सोडून मॉरिशसकडे जाताना टपाल नाही, वृत्तपत्र नाही, तार नाही, या निवांतपणाची ट्वेन मनसोक्त स्तुती करतो. बंदर कधी येऊच नये, असे त्याला वाटते. दोन व्याख्यानस्थळांमधील पाणी हाच त्याचा सण होय. १८९८ पर्यंत त्याने सर्व कर्ज फेडले. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ विस्कळीत आहे, त्यात उसने उतारे पुष्कळ आहेत, हे आक्षेप खरे आहेत. परंतु कामासाठी हिंडणाऱ्या माणसाला सणाचा दिवस कसा दिसतो, हे ग्रंथाने सांगितले आहे. आणि ते अधिकांशाने त्या दिवसाविषयी न लिहूनच सांगितले आहे.