उड्डाणाचा अर्धाच धडा

यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे ऑगस्ट २०२१ मध्ये स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पाते तुटून एका तरुण कारागिराचा मृत्यू झाला. जिद्द पुष्कळ होती. पण धोक्याचे शिक्षण आम्ही त्याच्यासारख्यांना कुठे देतो?

घरी बांधलेल्या विमानांचा मोठा धोका म्हणजे ‘स्टॉल’. वर्गात आम्ही सांगतो, की पंखावरची हवा लांबचा रस्ता कापून खालच्या हवेबरोबरच पोचते, म्हणून विमान उचलले जाते. हे चूक आहे. वरची हवा आधी पोचते. शिवाय त्यातून स्टॉल कळतच नाही. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांपलीकडे गेला, की वरचा प्रवाह पंखापासून सुटतो आणि उचल घटते, मग वेग कितीही असो. एका बाजूचा पंख आधी ढासळला, तर विमान गरगरत कोसळते. म्हणून पंखाला किंचित पीळ देऊन टोकाकडचा कोन कमी ठेवतात. मग स्टॉल मुळाशी आधी होतो आणि टोकाजवळच्या झडपांचा ताबा टिकतो.

कागदी विमानाच्या मागच्या कडा वर मुडपून ते सोडून पाहा. ते चढते, थबकते, नाक टाकते. पाठ्यपुस्तकात नसलेला हा अर्धा धडा आपणच द्यायला हवा.