टूसॉनच्या ताटातले 'अस्सल'

मागच्या वेळी प्रश्नोत्तरांत एकाने विचारले होते, अभिरुचीवर एवढे बोलता, मग हॉटेलातल्या जेवणाचीही समीक्षा होऊ शकते का? होते की! आज अ‍ॅरिझोनातले टूसॉन घेऊ. युनेस्कोने 2015 मध्ये पाककलेचे शहर म्हणून निवडलेले हे अमेरिकेतले पहिलेच शहर.

आम्ही तिथे जेवलो तेव्हा एक शब्द जागोजागी भेटला: अस्सल. अस्सल मेक्सिकन, अस्सल सोनोरन. आता बघा, अमेरिकेने हा मुलूख मेक्सिकोकडून विकत घेतला, तो करार पक्का झाला 1854 मध्ये. सीमा दक्षिणेला सरकली. चूल जागची हलली नाही. मग तिथले मेक्सिकन जेवण परदेशी कसे? आणि जी पातळ, हातभर रुंद टॉर्टिया सोनोरन म्हणून मिरवते, तिचा गहू तरी कुठला? तो स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर आलेला. बेकनमध्ये गुंडाळलेला सोनोरन हॉटडॉग तर त्यामानाने कालपरवाचा. (आम्हाला तो आवडला, हे कबूल. आणि मिरची पोर्तुगीजांनी आणली म्हणून तांबड्या रश्श्याला कुणी नकली म्हणून दाखवावे, तेही कोल्हापुरात!)

म्हणजे अस्सल म्हणजे सर्वांत जुने, असे काही धरता येत नाही. मग तो शब्द टाकूनच द्यावा का? इथे आम्ही अडखळतो. कारण खरोखर जुने असेही तिथे आहे. टेपरी नावाचे एक कडधान्य आहे, राजम्याच्या कुळातले पण दाण्याने बारीक, पावसाच्या थोड्या सरींवर वाळवंटात येणारे. तोहोनो ओओधाम लोकांनी ते पिढ्यानपिढ्या पिकवले. विसाव्या शतकात त्यांची ही शेती मोडत गेली, मैदा-साखर-चरबी घरात आली, आणि आज या लोकांत मधुमेहाचे प्रमाण फार मोठे आहे. शहराच्या दक्षिणेला, सॅन झेवियरच्या त्यांच्या सहकारी शेतावर, टेपरी पुन्हा पिकते आहे.

आम्ही गेलो त्या एका महागड्या हॉटेलच्या मेन्यूकार्डावर चार हजार वर्षांच्या शेतीचा अभिमान छापला होता. पिकवणाऱ्यांचे नाव मात्र कुठेच नव्हते. टेपरी होती, मांसाच्या कडेला, तीन-चार चमचे. चव मातकट, किंचित गोडसर, छानच. आणखी मागितली, तर वेटर म्हणाला, ती वेगळी मिळत नाही.