एक्सेटरचा फॉर्म पुसदच्या मेन रोडवर

सिनॉप्सिसचे दिवस आले की एक प्रश्न हमखास येतो. "ब्रिटनमधल्या शहरांत दुकानांचा एक सर्व्हे झालाय, पद्धत तयारच आहे. तीच पुसदला वापरली तर चालेल का? गॅप पण मिळतो." यंदा दोघांनी विचारलं. म्हणून तो अहवाल नीट वाचला आणि दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्याच धर्तीचा एक कागद आखून बसस्टँडपासून बाजारात चालत निघालो. त्या दोन्ही गोष्टींवर ही पोस्ट.

अहवालाचं नाव 'क्लोन टाऊन ब्रिटन'. लंडनच्या न्यू इकॉनॉमिक्स फाउंडेशनने २००४ मध्ये ही कल्पना मांडली आणि २००५ मध्ये सर्वेक्षणाचे निकाल दिले. तक्रार साधी होती: कुठल्याही शहराच्या हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, उभं राहिलं तर त्याच त्या साखळी दुकानांच्या पाट्या दिसतात, गाव कोणतं ते कळत नाही. मग लोकांनीच आपापल्या रस्त्यावर फिरून दुकानं मोजायची, किती स्थानिक, किती साखळीतली, प्रकार किती, आणि त्यावरून गावाला गुण. एका टोकाला 'क्लोन', दुसऱ्या टोकाला 'होम', मधे सीमेवरची गावं. २००५ मध्ये क्लोनच्या टोकाला एक्सेटर होतं आणि दुसऱ्या टोकाला यॉर्कशायरमधलं छोटं हेब्डन ब्रिज. २०१० च्या फेरीत क्लोनचा मान केंब्रिजला मिळाला.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. 'पूर्वीसारखा बाजार राहिला नाही' ही कट्ट्यावरची कुरकुर त्यांनी मोजता येईल अशी केली. तुम्ही आणि मी एकाच रस्त्यावर वेगवेगळे गेलो तरी आकडा जवळपास सारखा यावा, इतकी पद्धत सोपी आहे. आपल्याकडच्या 'ग्राहक वर्तन' छाप कित्येक प्रबंधांत हे एवढंही नसतं.

आता अडचणी. मी वनस्पतीशास्त्रातला माणूस, त्यामुळे पहिली लगेच खटकली. जंगलातली विविधता मोजायची आणि चालायचं फक्त डांबरी रस्त्याच्या कडेने, तर गाजरगवत आणि तरोटाच जास्त सापडणार. मुख्य रस्त्यावर भाडं सर्वात जास्त असतं, ते साखळीवाल्यालाच परवडतं, आणि स्थानिक दुकानदार मागच्या गल्लीत सरकतो. एक्सेटरचं तर आणखी वेगळं आहे. मे १९४२ च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात तिथलं मध्यवर्ती शहर मोठ्या प्रमाणात जळालं आणि युद्धानंतर नव्याने बांधलं गेलं. अशा नव्या बांधणीत मोठे, एकसारखे गाळे निघतात, आणि असा गाळा साखळी दुकानाला सोयीचा पडतो. म्हणजे गुण कमी पडले त्यात लोकांच्या आवडीचा भाग किती आणि इमारतींच्या वयाचा किती? फॉर्म हे सांगत नाही.

दुसरी अडचण गणिताची आहे. प्रमाणावर बेतलेल्या कुठल्याही गुणांकनात ती येते. समजा ५० दुकानांत ४० साखळीची, म्हणजे ८० टक्के. त्यातली ५ बंद पडली. आता ४५ पैकी ३५, म्हणजे ७८ टक्क्यांच्या आत. गाव 'सुधारलं'! हे नुसतं कागदी उदाहरण नाही. जानेवारी २००९ पर्यंत ब्रिटनमधली वूलवर्थची आठशेहून जास्त दुकानं बंद झाली, रस्त्यांवर शटर पडली. बंद गाळ्यांचा हिशेब वेगळा ठेवला नाही, तर हे नुकसान आकड्यात नफ्यासारखं दिसेल.

आणि तिसरी, मला सर्वात मोठी वाटणारी. फॉर्म दुकानं मोजतो, खरेदी मोजत नाही. शेफील्डमध्ये १९९० साली जुन्या पोलाद कारखान्याच्या जागेवर मेडोहॉल मॉल उघडला, शहराच्या मध्यापासून काही मैलांवर. ज्या कुटुंबाची शनिवारची खरेदी तिकडे गेली, ते शहरातल्या रस्त्यावरच्या मोजणीत कुठेच नाही. (जाता जाता: मार्क्स अँड स्पेन्सर ही केवढी साखळी, पण तिची सुरुवात १८८४ मध्ये लीड्सच्या कर्कगेट मार्केटमधल्या एका टपरीवजा स्टॉलवर झाली. त्या वर्षी फॉर्म भरला असता तर 'स्थानिक' रकान्यातच गेली असती.)

तर पुसद. पहिल्या दहा मिनिटांतच कागद अडला. अर्ध्या पाट्यांवर मोबाईल किंवा रंगाच्या कंपनीचं नाव हातभर मोठं, आणि खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव बारीक अक्षरात. मालक गावातलाच, पाटी तेवढी कंपनीने लावून दिलेली. पाटी वाचून खूण करणारा विद्यार्थी इथे फसणार. मालकी विचारून खूण केली तर उलटं होतं: जवळपास सगळंच स्थानिक निघतं, पुसद थेट हेब्डन ब्रिजच्या रांगेत जाऊन बसतं, आणि आपल्याला काहीच नवीन कळत नाही. कृषी केंद्र घ्या. मालक स्थानिक, पण बियाणं, खत, फवारणीचं औषध सगळं बाहेरच्या कंपन्यांचं. त्याला कोणत्या रकान्यात टाकाल?

घरी आलो तर आई म्हणाली, "अरे, आज कायले गेला? बाजाराचा दिवस आहे का आज?" इथे मात्र चूक पूर्ण माझी. आठवडी बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतून, तांड्यांवरून माणसं येतात. जमिनीवर पोतं अंथरून भाजी, मिरची, मसाला, जुने कपडे मांडले जातात. त्यांना पाटीच नाही. मी ज्या दिवशी चाललो त्या दिवशी तो बाजार अस्तित्वातच नव्हता. क्षेत्रकार्याचा दिवस कोणता ते पद्धतीच्या प्रकरणात लिहा, असं गाईड का सांगतात ते मला गावच्या रस्त्यावर कळलं.

शिवाय 'स्थानिक दुकान म्हणजे गावाचं भलं' हे अहवालाचं गृहीतक इथे तपासूनच घ्यावं लागेल. एक्सेटरचा ग्राहक दुकान आवडलं नाही तर शेजारच्या दुकानात जातो. आपल्याकडे कापूस-सोयाबीनवाला शेतकरी त्याच त्या दुकानात का जातो? बऱ्याचदा मागची उधारी तिथेच असते म्हणून. त्यात मालक ओळखीचा असल्याचा आधारही आहे आणि भाव न विचारण्याची सक्तीही.

म्हणून त्या दोघांना माझं उत्तर: फॉर्म वापरा, पण एकक बदला. दुकानाऐवजी घर धरा. वीस-पंचवीस घरांची एका महिन्याची खरेदी लिहून घ्या: कुठून घेतलं, बाजाराच्या दिवशी की इतर दिवशी, रोख की उधार, लग्नाच्या कपड्यांसाठी नांदेड-यवतमाळ गाठलं का. सोयाबीन निघण्याआधी एकदा आणि नंतर एकदा, असं दोनदा करा, नाहीतर हंगामाचा फरक तुम्ही गावाचा स्वभाव म्हणून लिहून बसाल. वीस-पंचवीस घरं हे फक्त पायलट, त्यावरून टक्केवारी काढू नका. आणि पाट्यांची मोजणी करायचीच असेल तर मागच्या गल्ल्या धरून करा, बंद शटरला वेगळा रकाना ठेवा. माझ्या कागदावर तो नव्हता.